थोडक्या पैशांत घराची शोभा

'गृहसजावट' हा शब्द उच्चारला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे दुकानाच्या काचेमागे मांडलेली एक खोली उभी राहते. तिच्यात कोच असतो, काचेचे टेबल असते, भिंतीला मिळताजुळता गालिचा असतो. नसते ते एवढेच की तेथे कोणी राहत नाही. कोपऱ्यात वहाणा नसतात, खुंटीला छत्री नसते, औषधाची बाटली नसते, उद्याच्या गणिताच्या वह्या नसतात. अशी खोली आपल्या घरात आणावयाची असे ठरवून माणूस जेव्हा बाजारात निघतो, तेव्हा तो सामान विकत घेत नसतो. दुसऱ्याचे राहणे विकत घेत असतो. आणि ते महाग पडते.

किती महाग, याचा हिशेब आता घरोघरी माहीत झाला आहे. वीस वर्षांच्या हप्त्यांवर सदनिका घ्यावयाची आणि किल्ली हाती आल्याबरोबर 'इंटीरियर'साठी दुसरे कर्ज काढावयाचे, हा क्रम आज रूढ झाला आहे. छताखाली प्लॅस्टरचे खोटे छत येते, त्यात दहा-बारा दिवे बसतात, दूरदर्शन संचाच्या मागे नक्षीदार फळकूट उभे राहते. मुळात नऊ-साडेनऊ फूट उंचीची खोली, ती अर्ध्या फुटाने ठेंगणी होते. चार-पाच वर्षांत ते फळकूट ओलीने फुगते, पण हप्ता चालूच असतो. आम्ही ज्या विषयावर बोलणार आहोत तो वरवर हौसेचा दिसतो खरा. परंतु तरुण संसाराच्या पहिल्या पाच वर्षांतील मोकळेपणा या हौसेत जातो की राहतो, एवढे गंभीर त्याच्या मुळाशी आहे.

वास्तविक थोडक्या जागेत आणि थोडक्या पैशांत नीटस राहणे ही विद्या आपल्याकडे नवी नव्हे. मुंबईच्या बी. डी. डी. चाळी १९२०च्या दशकात उभ्या राहिल्या; त्यांतील एकेक खोली १६० चौरस फुटांची. त्या एका खोलीत बसणे, जेवणे, निजणे, अभ्यास आणि बाळंतपण, सारे उरकले जाई. हे साधे कसे? तर त्या खोलीतील प्रत्येक वस्तूला उठता येत असे. अंथरुणाची वळकटी होई, पाट भिंतीला टेकून उभे राहत, पाळणा दोरीने वर चढे. भांड्यांची मांडणी हीच भिंतीची शोभा होती. घासलेल्या पितळी डब्यांची उतरंड आणि उभ्या ताटांची रांग पाहून गृहिणीचा हात ओळखावा. त्याच्याही आधी वाड्यांतून कोनाडे, देवळ्या, फडताळे आणि खुंट्या असत. कोनाडा म्हणजे काय, तर भिंतीच्या जाडीतून फुकट मिळालेले कपाट. जमिनीची एक इंचही जागा तो अडवीत नसे.

मग 'सजवलेले घर' ही कल्पना मध्यमवर्गात कोठून आली? तिचा एक ठळक टप्पा सांगता येतो. १९३७ साली मुंबईच्या टाउन हॉलमध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स या संस्थेने 'आयडियल होम' नावाचे प्रदर्शन भरविले. सिमेंट-काँक्रीटच्या नव्या इमारती तेव्हा समुद्रकाठी उभ्या राहत होत्या आणि त्यांत राहावयास जाणाऱ्या लोकांना नवे घर कसे असावे हे दाखवावयाचे होते. स्वच्छ न्हाणीघर, हवेशीर स्वयंपाकघर, विजेची उपकरणे या गोष्टी लोकांना दिसल्या हे उत्तमच झाले. पण त्याबरोबर घर ही 'दाखविण्याची' वस्तू आहे ही समजूतही हळूहळू रुजली. दिवाणखाना पाहुण्यांचा झाला आणि घरची माणसे आतल्या खोलीत गेली.

याच्या नेमके उलट टोक पाहावयाचे तर सेवाग्रामला जावे. बापू कुटी मातीची, बांबूची आणि कौलांची. आत चटई, बैठे मेज आणि भिंतीतले कप्पे. पण ती कुटी रुक्ष आहे असे कोणी म्हणेल काय? मीराबेन यांनी तिच्या मातीच्या भिंतीवर मातीतूनच ताडाची झाडे आणि चरखा उठावात काढले. लिंपणाला जी माती लागली तीच सजावटीला लागली; निराळा खर्च शून्य. आम्हांला हे उदाहरण यासाठी महत्त्वाचे वाटते की साधेपणा आणि उघडेबोडकेपणा यांत लोक नेहमी घोटाळा करतात. साध्या घरातही कोणाचा तरी हात फिरलेला दिसावा लागतो.

आणखी एक साक्ष परदेशी पाहुण्यांची. अमेरिकेतील प्रसिद्ध रचनाकार चार्ल्स आणि रे ईम्स हे दांपत्य भारत सरकारच्या निमंत्रणावरून येथे हिंडले आणि १९५८ साली त्यांनी एक अहवाल दिला. त्यातून पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली. या देशात पाहिलेल्या वस्तूंमध्ये त्यांनी सर्वाधिक वाखाणला तो तांब्या, म्हणजे आपला रोजचा पाण्याचा लोटा! कमरेवर किंवा डोक्यावर कसा बसतो, ओतताना तोल कसा जातो, घासताना हात आत शिरतो की नाही, या सगळ्यांचा विचार पिढ्यान्‌पिढ्या होऊन त्याला तो घाट आला, हे त्यांनी ओळखले. आम्ही मात्र तो तांब्या माळ्यावर टाकून प्लॅस्टिकची बाटली टेबलावर ठेवतो आणि मग टेबल सजविण्यासाठी शोभेची वस्तू शोधत हिंडतो.

तेव्हा पहिले काम खरेदीचे नाही. पहिले काम घर रिकामे करण्याचे आहे. एक खोली निवडावी आणि तिच्यातील हलण्यासारखी प्रत्येक वस्तू बाहेर काढावी. रिकाम्या खोलीत सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला थोडा वेळ बसावे. ऊन कोठून येते, वारा कोणत्या खिडकीचा, कोणती भिंत दारातून आधी दिसते, कोठे बसले असता रस्त्याचा आवाज कमी होतो, हे त्या दिवशी कळते; एरवी वर्षानुवर्षे कळत नाही. मग वस्तू एकेक करून आत आणावी आणि प्रत्येकीला विचारावे की बाई, तुझे येथे काम काय? आमचा अनुभव असा की चौथा हिस्सा सामान परत आत येतच नाही. लग्नात आलेली घड्याळे, बंद पडलेला मिक्सर, न वाचलेली मासिके, तीन जोड्या कपबश्यांतील उरलेल्या सात बश्या यांना वाटेला लावल्यावर जी जागा मोकळी होते ती विकत घ्यावयाची झाली, तर आजच्या भावाने तिची किंमत कोचापेक्षा पुष्कळ अधिक होईल. त्यानंतर महिनाभर काही विकत घेऊ नये. हा महिना सगळ्यांत कठीण जातो.

आता उजेड आणि रंग. येथे थोडे रेंगाळणे भाग आहे, कारण थोडक्या पैशांत सर्वांत मोठा फरक पडतो तो येथेच.

पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडापैकी सुमारे ८० टक्के उजेड परत खोलीत टाकते. गडद निळी किंवा तपकिरी भिंत बहुतेक सगळा गिळून बसते. आपल्या सदनिका एकमेकींना खेटून असतात, खिडक्या बहुधा एकाच बाजूला. अशा खोलीत गडद भिंत म्हणजे दुपारी दिवा लावण्याची सोय. म्हणून छत आणि निदान तीन भिंती पांढऱ्या किंवा पांढऱ्याच्या आसपासच्या असाव्यात. चौथीला हवा तर रंग द्यावा; मात्र तो खिडकीच्या समोरच्या भिंतीला द्यावा, म्हणजे तिच्यावर ऊन पडून रंग खुलतो. खिडकीच्याच भिंतीला दिलेला गडद रंग डोळ्यांना केवळ काळा दिसतो, कारण उजेड तिच्या पाठीमागून येत असतो.

जुन्या घरांच्या भिंतींना चुन्याचा गिलावा असेल तर चुन्याचा हात देण्याइतके स्वस्त आणि सुंदर दुसरे काही नाही. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा दगड बनतो, म्हणून त्याची भिंत वर्षे गेली तशी कठीण होते. आणि तो मूळचा अल्कधर्मी असल्यामुळे बुरशी त्याच्यावर सहजी धरत नाही. अंगाला पांढरे लागू नये म्हणून त्यात डिंक किंवा तांदळाची खळ घालीत आणि पिवळसर झाक मारण्यासाठी चिमूटभर नीळ. गेरू किंवा पिवडी मिसळली तर जे रंग येतात ते डब्यातल्या रंगांना येत नाहीत. अर्थात ज्या भिंतीला एकदा तेलरंग किंवा इमल्शन लागले आहे तिच्यावर चुना टिकत नाही, पापुद्रे सुटतात. अशा भिंतीला साधे इमल्शनच द्यावे. दहा बाय बारा फुटांची खोली घरच्या तिघांनी मिळून दोन दिवसांत रंगविता येते. ओल असलेल्या भिंतीला मात्र कितीही भारी रंग दिला तरी तो पैसा पाण्यातच गेला असे समजावे. आधी गळती शोधावी, मग भिंत वाळू द्यावी. आपल्याकडे पावसाळा संपून ऑक्टोबरचे ऊन तापल्यावर आणि दिवाळीच्या आधी रंग काढण्याची जी चाल पडली ती उगीच नव्हे.

रात्रीच्या उजेडाविषयी आपण फारच उदासीन असतो. छताच्या मध्यभागी किंवा भिंतीच्या माथ्यावर एक पांढरीफटक नळी लावली की आपले काम झाले. एल. ई. डी. दिव्याच्या खोक्यावर एक आकडा छापलेला असतो: २७००, ३००० किंवा ६५०० केल्व्हिन. आकडा लहान असेल तर उजेड पिवळसर, समईच्या जवळ जाणारा. आकडा मोठा तर निळसर पांढरा, कचेरीचा. दोन्हींची किंमत जवळपास सारखीच असते. म्हणजे घर कचेरीसारखे दिसावे की घरासारखे, हा निर्णय दुकानात उभ्या उभ्या एका आकड्यावर होतो, आणि तो आपण दुकानदारावर सोडतो! ओट्यावर आणि अभ्यासाच्या मेजावर पांढरा उजेड ठीक. बसण्याच्या आणि निजण्याच्या खोलीत पिवळसर असावा. शिवाय एक मोठा दिवा वर लावण्यापेक्षा दोन लहान दिवे खाली लावावेत. एक बसणाऱ्याच्या खांद्यामागे, दुसरा समोरच्या कोपऱ्यात जमिनीलगत. आताचा नऊ वॅटचा दिवा जुन्या साठ वॅटच्या दिव्याइतका उजेड देतो, तेव्हा बिलाची भीती नको. दिव्याला आवरण म्हणून बुरुडाकडची साधी टोपली उलटी टांगली तरी भिंतीवर जी जाळी उमटते ती पाहत राहावी अशी असते. दिवा एल. ई. डी.चाच हवा, जुना तापणारा दिवा बांबूजवळ धोक्याचा.

रंगाखालोखाल कापड. पडदा म्हटला की माणसे जड, चकचकीत, कृत्रिम धाग्याच्या कापडाकडे वळतात. आमचे मत असे की आपल्या हवेला आणि आपल्या खिशाला मांजरपाटासारखे कापड नाही. तो रात्रभर पाण्यात भिजवून त्याची खळ काढावी, वाळवावा आणि मगच शिवावयास द्यावा; आधी शिवला तर पहिल्या धुण्यात पडदा खिडकीच्या वर चढतो. न धुवलेल्या मांजरपाटाचा पिवळसर रंग उन्हात फार गोड दिसतो. त्याच्या खालच्या अंगाला वीतभर गुळेदगुड्डचा खण लावला की झाले. खणाचा पन्हा अरुंद असतो, त्यामुळे त्याचे पूर्ण पडदे करण्याच्या भरीस पडू नये. काठ म्हणूनच तो शोभतो. पडद्याचे कापड खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट घ्यावे, नाही तर तो चादर वाळत घातल्यासारखा दिसतो. आणि दांडा खिडकीच्या चौकटीवर न ठोकता तिच्या चार-सहा इंच वर ठोकावा व दोन्ही बाजूंना वीतभर पुढे काढावा. पडदे सरकवल्यावर ते भिंतीवर जातात, खिडकी पूर्ण उघडी राहते आणि आहे त्यापेक्षा मोठी वाटते. यास जास्तीचा खर्च एक हात दांड्याचा.

कपाटात पडून असलेल्या लुगड्यांचा प्रश्न थोडा नाजूक आहे. नऊवारी लुगडे म्हणजे सत्तावीस फूट कापड. चार फूट उंचीच्या खिडकीला दुमडीसकट साडेपाच फुटांचा तुकडा धरला तर एका लुगड्यात चार तुकडे, म्हणजे दोन खिडक्यांचे पडदे होतात, आणि पदराकडचा पाच फूट भाग अभ्र्यांना उरतो. काठ आपोआप पडद्याच्या दोन्ही कडांना उभे येतात. सुती इरकलीचे असे पडदे केले तर ते कोणत्याही दुकानात मिळणार नाहीत. परंतु लुगडे जिचे, तिला विचारल्यावाचून कात्री लावू नये. ती हयात असेल तर तिला विचारावे. नसेल तर जिच्याकडे ते वारशाने आले तिला. काही लुगड्यांचे पडदे व्हावे आणि काहींची घडी तशीच राहावी, हे घरातल्या बायकांना बरोबर कळते. विरलेल्या लुगड्यांना तर आपल्याकडे गोधडीचा राजमार्ग आहेच. धावदोऱ्याच्या एका साध्या टाक्याने जुन्या कापडाचे थर एकजीव होतात आणि तिच्यात कोणाचे परकर, कोणाचे झबले, कोणाचा फेटा हे मुलांना बोट ठेवून सांगता येते. अशी गोधडी दिवसा पलंगावर किंवा दिवाणावर पसरली की तीन हजारांच्या 'बेडकव्हर'ची गरज उरत नाही. ज्यांच्याकडे गोधडी नसेल त्यांनी सोलापूरची चादर घ्यावी. भौगोलिक मानांकन लाभलेली ही चादर आम्ही पाहुण्यांसाठी राखून ठेवतो आणि स्वतः फुलाफुलांच्या नायलॉनवर निजतो, हा न्याय उलटा आहे.

लाकडाविषयी एकच गोष्ट ध्यानात ठेवली तरी पुरे: भुशाच्या फळ्यांचे नवे कपाट स्वस्त नसते. लाकडाचा भुसा आणि गोंद दाबून केलेली ती फळी दिसते गुळगुळीत; पण तिच्या कडेतून एकदा पाणी शिरले की ती पावासारखी फुगते, आणि स्क्रू एकदा काढून पुन्हा लावला की धरत नाही. कोकणात आणि मुंबईत तर चार पावसाळे म्हणजे तिची जन्मठेप. त्याच पैशांत जुन्या बाजारात सागवानी वस्तू मिळू शकते. पुण्यातला जुना बाजार, मुंबईतला चोर बाजार आणि प्रत्येक शहरातली जुन्या लाकडाची वखार ही आमच्या मते गृहसजावटीची खरी विद्यापीठे. वाडे पडतात, त्यांची दारे, खांब, कडीपाटाच्या फळ्या तेथे येतात. हे लाकूड पन्नास-शंभर पावसाळे पाहिलेले असते. ते आता वाकत नाही आणि तडकत नाही. घेताना मात्र उलटून पाहावे. बारीक भोके असून त्यांतून ताजी पिवळी भुकटी गळत असेल तर आत कीड जिवंत आहे. कितीही मोह झाला तरी ती वस्तू घरी नेऊ नये. भोके जुनी आणि कोरडी असतील तर हरकत नाही. मोडक्या वेताची खुर्ची दिसली तर ती अवश्य घ्यावी. वेत पुन्हा विणून देणारे कारागीर अजून आहेत, अनेक ठिकाणी अंध कारागीर हे काम हाताच्या अंदाजाने अचूक करतात, आणि वेताची खुर्ची आपल्या उकाड्यात गादीच्या कोचापेक्षा दसपट सुखाची.

आणि खुर्च्या किती हव्यात हाही प्रश्न आहे. आपण जमिनीवर बसणारे लोक. एक जाड गादी, तिच्यावर धुतलेली चादर, दोन लोड आणि दोन तक्के एवढ्यावर गाण्याच्या बैठकी होत आल्या आहेत. बैठकीने खोली उंच वाटते, मुले पडत नाहीत, आणि दहा पाहुणे आले तरी अडचण होत नाही. गुडघे दुखणाऱ्यांसाठी दोन पाठीच्या खुर्च्या असल्या की पुरे. कोचाचा सेट, म्हणजे तीन अधिक एक अधिक एक, ही दहा बाय बाराच्या खोलीला झालेली शिक्षा आहे असे आम्ही स्पष्टच म्हणतो.

भिंतीवर काय लावावे? बैठकीच्या खोलीत चित्रे खाली लावावीत. उभ्या माणसाच्या डोळ्यांची उंची सुमारे पाच फूट. खुर्चीवर बसणाऱ्याची पावणेचार-चार. जमिनीवर बसणाऱ्याची त्याहून कमी. आपल्याकडे फोटो दाराच्या माथ्यावर, छताला भिडवून लावतात. त्यामुळे घरातील वडीलधारी मंडळी सदैव आपल्याकडे वरून पाहत असल्यासारखी वाटतात. ती खाली आणावीत, जवळ आणावीत, नातवंडांना चेहरे ओळखता येतील अशी.

विकत घ्यावयाच्या चित्रांबद्दल थोडे सांगतो. वारली चित्रे आता पिशव्यांवर, कपांवर, भिंतीच्या चिकटपट्ट्यांवर सर्वत्र छापलेली दिसतात. मुळात ती पालघर भागातील वारली स्त्रिया लग्नप्रसंगी घराच्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढीत. देवचौकात पालघाट देवी असे. जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणि कापडावर आणून जगभर नेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये ते वारले. या चित्रांचे सामर्थ्य केवळ दोन रंगांत आणि वर्तुळ, त्रिकोण, चौकोन अशा तीन आकारांत आहे. छापील चिकटपट्टी लावण्यापेक्षा एखाद्या वारली चित्रकाराकडून पोस्टकार्डाएवढे खरे चित्र घ्यावे आणि त्याच्याभोवती भरपूर पांढरी जागा ठेवून चौकट करावी. भिंतीवर दहा वस्तू लावल्या तर एकही दिसत नाही.

पितळेचेही तसेच. पुण्याच्या तांबट आळीत हाताने ठोकून, मठारून केलेल्या तांब्याच्या भांड्यावर जी चमक असते तिला तोड नाही, आणि आजोळचे घंगाळ किंवा बंब दिवाणखान्यात ठेवण्याची हौस आम्हांलाही समजते. फक्त तीस वस्तू मांडण्याआधी एक प्रश्न विचारावा: घासणार कोण? ज्याला हौस त्याने घासावे असा नियम केला की बहुतेक घरांत तीन वस्तू उरतात, आणि तीनच शोभतात. रोजच्या वापराच्या जुन्या वस्तूंत किती सौंदर्य असते हे पाहावयाचे असेल तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात एक दुपार घालवावी. 'अज्ञातवासी' या नावाने कविता करणाऱ्या दिनकर केळकरांनी अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या नावाने ते उभारले. तेथे तलवारींपेक्षा अडकित्ते, दिवे, फण्या आणि वज्ऱ्या यांच्यापुढे लोक अधिक वेळ थांबतात.

झाडांविषयी फार बोलत नाही. कुंभाराकडची मातीची कुंडी घ्यावी. तिच्या अंगातून पाणी झिरपते, मुळे कुजत नाहीत. ऊन येत नसेल तर मोगऱ्याचा हट्ट सोडावा आणि मनीप्लँट बाटलीत लावावा. घरातली झाडे हवा शुद्ध करतात असे सांगून ती महागात विकली जातात. ज्या १९८९ सालच्या नासाच्या प्रयोगाचा दाखला देतात तो बंद पेटीतला होता. वाऱ्याची ये-जा असलेल्या खोलीत चार कुंड्यांनी हवेत काही फरक पडत नाही. झाड सुंदर दिसते, एवढे कारण पुरेसे आहे. जुन्या इमारतींतील मोझॅकच्या फरश्यांचीही तीच कथा: त्या उखडून किंवा झाकून चकचकीत टाइल बसविण्याऐवजी त्या घासून पॉलिश करून घ्याव्यात. खर्च पुष्कळ कमी येतो आणि खाली दडलेली रंगीत खडी वर येते.

आता कोणी म्हणेल, हे सारे ठीक, पण आकडा सांगा. समजा, एका खोलीसाठी हाती दहा हजार रुपये आहेत. आम्ही त्यांतील तीन हजार रंगाला देऊ, काम घरच्यांनी करावयाचे असे धरून. अडीच हजार कापड आणि शिलाईला. दीड हजार दिवे, वायर आणि आवरणांना. दोन हजार एका जुन्या लाकडी वस्तूला, दुरुस्तीसकट. उरलेले हजार रुपये तीन महिने तसेच ठेवू. खोलीत राहू लागल्यावर एक गरज अशी निघते की जी आधी सुचलेली नसते; ते पैसे तिच्यासाठी. या यादीत शोभेची एकही वस्तू नाही हे लक्षात आले असेल. ती आपल्या घरात आधीपासून असते, बहुधा माळ्यावर.

पैशांपेक्षा अवघड गोष्ट निराळीच आहे. घर कोणाच्या आवडीने सजवावयाचे? नवी सून पांढऱ्या भिंती मागते, सासूबाईंना लक्ष्मीचे मोठे कॅलेंडर दारासमोरच हवे असते, मुलाला क्रिकेटपटूचे चित्र आणि आजोबांना त्यांची तीन पायांची, चौथ्याला ठिगळ लावलेली आरामखुर्ची. सजावटकार बोलावला की तो या चौघांनाही बाजूला सारून पाचव्याचीच आवड बसवितो, आणि भांडण मिटल्यासारखे वाटते. मिटत नाही, आजोबांची खुर्ची गॅलरीत गेलेली असते आणि आजोबा तिच्यामागून गेलेले असतात. आमची सूचना अशी की घरातल्या प्रत्येकाला, लहानात लहान माणसालाही, एक जागा द्यावी. एक कोनाडा, एक फळी किंवा भिंतीचा दोन हात तुकडा. तेथे त्याचाच हुकूम चालेल. उरलेल्या घराच्या बाबतीत बहुमत. आरामखुर्चीला मात्र नवे कापड आणि चौथा पाय द्यावा व ती खिडकीशी, उजेडात ठेवावी.

आपल्या घरांतून हा प्रयोग वर्षातून एकदा होतच आला आहे. चैत्रगौरीची आरास आठवावी. घरातलेच डबे उतरत्या पायऱ्यांसारखे मांडून वर साडी अंथरायची, मुलांची खेळणी, कलिंगडाची कमळे, शेजारणीकडून आणलेल्या मूर्ती, पुढे चैत्रांगणाची रांगोळी. आणि कैरीची डाळ आणि पन्हे घेताना आलेली प्रत्येक बाई नेमके काय वेगळे केले आहे ते पाहून जाई. हळदीकुंकवाच्या त्या दिवशी श्रीमंत घरची आरासच सरस ठरे असे मुळीच नव्हते. गणपतीच्या मखराचीही तीच परंपरा. मध्यंतरी थर्मोकोलने ती बिघडविली होती. २०१८ साली राज्यात थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि पुठ्ठा, कापड, बांबू, कागद यांच्याकडे हात पुन्हा वळले. जे हात दहा दिवसांसाठी एवढे करतात, ते उरलेल्या वर्षभर भिंतीकडे पाहत स्वस्थ का बसतात हे आम्हांला कोडे आहे.

शेवटी भाड्याच्या घरांविषयी, कारण अनेकांचा मुक्काम अकरा महिन्यांच्या कराराचा असतो. घरमालक खिळा ठोकू देत नाही, रंग बदलू देत नाही, आणि अनामत रक्कम त्याच्या हातात असते. अशा ठिकाणी पैसा भिंतीत घालूच नये; उचलून नेता येईल अशाच वस्तूंत घालावा. चित्रे टांगण्याऐवजी कपाटावर किंवा लांब फळीवर भिंतीला टेकवून उभी करावीत. ती अशीही चांगली दिसतात आणि वाटेल तेव्हा बदलता येतात. पडद्यासाठी खिडकीच्या चौकटीच्या आत ताणून बसणारा स्प्रिंगचा दांडा मिळतो, त्याला खिळा लागत नाही. वडिलांची जुनी पत्र्याची ट्रंक असेल तर तिला घासून एका रंगाचा हात द्यावा, वर गोधडीची घडी ठेवावी. बसायला बाक होतो, आत हिवाळ्याचे कपडे राहतात आणि घर सोडताना बांधाबांध अर्धी आधीच झालेली असते. दिवे, आवरणे, लोड, तक्के, कुंड्या या सगळ्या बरोबर येतात. पडदे शिवताना तेवढी शिंप्याला एक सूचना द्यावी: खालची दुमड सहा इंचांची ठेव, कापू नको. पुढच्या घराची खिडकी किती उंच असेल हे आज सांगता येत नाही.